ऑपरेशननंतर गादी पुन्हा सरकते का? (आणि आंबा तोडणीचं काय करायचं)

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिवाळीनंतर एल फाइव्ह–एस वनची (कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्यांमधल्या गादीची) मायक्रोडिस्केक्टमी, म्हणजे नसेवर आलेला गादीचा तुकडा काढायचं ऑपरेशन, झाली, पायातली कळ गेली, पण सकाळी उठताना कंबर धरते. देवगडची बाग तोडणीला आली आहे आणि आई म्हणते, यापुढे घळ (आंबे उतरवायची जाळीची लांब काठी) हातात घ्यायची नाही. गादी पुन्हा सरकेल का?

सरकू शकते. माझी सरकली होती, त्याच जागी, त्याच बाजूला. काही उचलताना नव्हे, पडवीत बसलो असताना शिंक आली तेव्हा. हे आधी सांगतोय, कारण पुन्हा दुखलं की घरात पहिली चौकशी "काय उचललंस?" हीच होते, आणि बऱ्याचदा त्याला उत्तरच नसतं.

ऑपरेशनमध्ये गादी बदलत नाहीत, पूर्ण काढतही नाहीत. नसेवर आलेला तुकडा आणि आतले सुटे कण तेवढे काढतात. गादीभोवतीच्या चिवट कड्याला जिथे भोक पडलं, ते तिथेच राहतं. प्रौढ माणसाच्या गादीला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे ते मोडलेल्या हाडासारखं सांधत नाही. हळूहळू व्रण धरतो, पण मूळची ताकद त्यात येत नाही. मग आतला सगळा गर खरवडून का टाकत नाहीत? तेही करून पाहिलंय. पुन्हा सरकण्याचं प्रमाण कमी होतं, पण पुढे कंबरदुखी जास्त मागे लागते. म्हणून बहुतेक सर्जन हात आखडता ठेवतात आणि मला ते पटतं.

आकडा विचारलात तर वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ५ ते १५ टक्के येतो. पण ही झाली सरासरी. तुमच्या कड्याला भोक केवढं होतं, यावर बरंच अवलंबून असतं. २००३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात कड्याला नुसती चीर होती त्यांच्यात १ टक्का लोकांना पुन्हा त्रास झाला, आणि मोठं भगदाड होतं त्यांच्यात २७ टक्के. म्हणून पुढच्या तपासणीला डॉक्टरांना "जपून राहू का" असं विचारू नका, त्याला "हो" हेच उत्तर मिळणार. "भोक केवढं होतं" असं विचारा. बिडी-सिगारेट असेल तर ती सोडा. साखर असेल तर ताब्यात आणा. या दोन्हींचा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय.

आता सकाळी कंबर धरते त्याबद्दल. ऑपरेशन पायातल्या कळेसाठी असतं, कंबर त्याने ठणठणीत होईलच असं नाही. नुसती कंबर धरली म्हणजे गादी सरकली असं समजू नका. पायाकडे लक्ष ठेवा. मधे चांगला बरा काळ गेला आणि मग कुल्ल्यातून पोटरीपर्यंत तीच जुनी कळ उतरली, खोकताना-शिंकताना वाढली, तर संशय घ्यायचा. तरी लगेच एमआरआयला धावायची गरज नसते. ऑपरेशननंतर काही महिने तो तसाही भीतीदायक दिसतो. व्रण कुठला आणि नवा तुकडा कुठला हे ओळखायला बऱ्याचदा शिरेतून औषध देऊन करावा लागतो. ते डॉक्टरांना ठरवू दे.

सुरुवातीचे आठवडे-महिने जास्त जोखमीचे असतात. तुमचे बरेच सरलेत, म्हणून बाग कायमची सोडा या मताचा मी नाही. नुसतं पडून राहिल्याने स्नायू जातात आणि गादीला त्याचा काडीचा फायदा नाही. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकला नसाल तर मात्र तोडणीआधी तो शिका. पट्टा बांधून व्यायाम टाळणं हा आपल्याकडचा लाडका मार्ग आहे, तो नको.

बागेत खरा धोका आंब्यात नाही, क्रेटमध्ये आहे. भरलेला क्रेट वीस किलोच्या घरात जातो. तो जमिनीवरून वाकून उचलायचा आणि पाय न हलवता कमरेत पिळून पिकअपच्या फाळक्यावर टाकायचा, ही एकच हालचाल गादीला सगळ्यात वाईट. माझ्या बागेत गाडी लागते तिथे जांभ्याचे चिरे रचून गुडघ्याच्या वर येईल असा ओटा केलाय. भरलेला क्रेट जमिनीवर टेकतच नाही. आणि वळायचं ते पाय टाकून, अंग पिळून नव्हे. या हंगामात तेही गड्यांना करू द्या, तुम्ही प्रतवारी बघा. घळ हलकी वाटते, पण लांब काठीच्या टोकाला दोन-तीन आंबे अडकले की भार येतो, आणि मान वर करून कंबर मागे वाकलेली असते. थोडा वेळ धरा, मग दुसऱ्याला द्या.

रात्रभर आडवं राहून गादी पाणी शोषते आणि सकाळी टम्म असते, तेव्हा वाकलं की तिच्यावर ताण जास्त येतो. तोडणी नेमकी पहाटेची! म्हणून उठल्यावर तासभर वाकू नका, खळं (अंगण) झाडायला दुसरं कोणी बघा, आधी चाला.

पुन्हा सरकलीच तर पुन्हा टेबलावर जावंच लागतं असं नाही. माझी दुसऱ्या वेळची कळ गोळ्या आणि वाट पाहण्यावर दोन-तीन महिन्यांत ओसरली. बाहेर आलेला तुकडा शरीर बऱ्याचदा स्वतःच विरघळवतं. काहींना इंजेक्शन लागतं, काहींना दुसरं ऑपरेशन. स्क्रू घालून मणके जोडायचा सल्ला पहिल्याच खेपेला मिळाला तर दुसऱ्या सर्जनचंही मत घ्या.

थांबायचं नाही ती वेळ वेगळी: बैठकीची जागा बधिर होणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, दोन्ही पायांची ताकद जाणं. तेव्हा तास मोजायचे असतात. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ की कोल्हापूर एवढंच बघा आणि निघा. चालताना चप्पल पायातून निसटायला लागली, पंजा उचलेना, तर तेही त्याच दिवशी दाखवा.

कोणीतरी उसण भरली समजून पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाची लाथ मारून घ्या असं सुचवेलच. ऑपरेशन झालेल्या कमरेवर लाथ नको आणि चोळणाराही नको. आणि माल वाशीला पाठवताना रात्रभर टेम्पोत बसून स्वतः जायचा बेत असेल, तर या वर्षी भावाला पाठवा. सलग बसणं आणि गाडीचे हादरेही कमरेला नडतात.