भाडं उशिरा आलं तर दंड कुणाचा, मालकाचा की मॅनेजरचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लॅट आहे, तुम्ही पुण्याला असता, देखरेखीला मॅनेजर ठेवलाय. भाडं उशिरा आलं की तो दिवसाला शंभर रुपये लावतो आणि त्यातले निम्मे स्वतःकडे ठेवतो. हे रीतसर आहे का, की 'या लोकांचा वरकमाईचा धंदाच असतो'?

त्या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसलो, कारण मी हेच काम करतो. सगळे तसे नसतात. पण निम्मा दंड मॅनेजरला द्यायचं तुम्हीच मान्य केलं असेल तर दोष त्याच्या एकट्याचा नाही. ज्याला उशिरात पैसा सुटतो, तो पाच तारखेला फोन कशाला करील? मॅनेजरची फी हातात आलेल्या भाड्यावर टक्क्याने ठेवा. विलंब शुल्क सगळं मालकाचं. नोटीस, टपाल, वकील असा खर्च झाला तर पावती बघून वेगळा द्या.

निम्मे कोण घेतो यापेक्षा मोठी गडबड भाडेकरूच्या हिशोबाच्या खात्यात असते, आणि ती मालकाला दिसतच नाही. माझ्याकडे दुसऱ्या मॅनेजरकडून आलेलं एक खातं सांगतो. भाडं 14,000, करार अकरा महिन्यांचा, देय तारीख 5, दहापर्यंत सवलत, अकरापासून दिवसाला 100, महिन्याला जास्तीत जास्त 1,000. कलम झकास. भाडेकरूने पहिल्या महिन्यात 16 तारखेला 14,000 भरले. सहा दिवस उशीर, म्हणजे 600. इथपर्यंत ठीक.

मॅनेजरने काय केलं, आलेल्या रकमेतून आधी 600 दंडात वळते केले आणि 13,400 भाड्यात. झालं, भाडं 600 ने कमी पडलं. कमी पडलं म्हणून दंड सुरूच राहिला आणि वीस तारखेला 1,000 ची मर्यादा गाठली. पुढच्या महिन्यात माणसाने 4 तारखेला पूर्ण 14,000 टाकले. त्यातून आधी दंडाचे उरलेले 400, मग जुनं भाडं 600, राहिले 13,000. पुन्हा भाडं कमी, पुन्हा हजार दंड. तिसऱ्या महिन्यात कमी पडले 2,000. असं करत एकदाच सहा दिवस उशीर केलेल्या माणसाच्या नावावर अकरा महिन्यांत 11,000 दंड! पूर्ण भाडं वेळेवर भरूनही तो कागदावर कायम थकबाकीदार. हिशोब कळला तो डिपॉझिट परत मागताना, आणि मग जी बाचाबाची झाली ती सगळ्या अपार्टमेंटने ऐकली. एक्सेलने बेरीज अगदी बरोबर केली होती.

म्हणून आलेला पैसा आधी भाड्यात, मग लाइट बिल नि मेंटेनन्समध्ये, सगळ्यात शेवटी विलंब शुल्कात. शुल्काचा रकाना वेगळा, पावतीवर ओळ वेगळी, आणि शुल्कावर शुल्क नाही. हा क्रम करारातच लिहा. करार लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी), नोंदणी केलेला हवा. नोंदणी करून घेणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. दंडाचं कलम मागाहून साध्या कागदावर लिहून घेतलंय म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

आता तारीख. एक तारखेचा हट्ट सोडा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इकडच्या कारखान्यांत पगार सातला होतो. हजार किंवा जास्त कामगार असतील तर कायद्याने नोव्हेंबर 2025 पर्यंत दहा तारखेची मुभा होती. अशा भाडेकरूकडे एकला भाडं मागितलं तर तो दर महिन्याला उशिराच दिसणार. पगाराची तारीख विचारूनच देय तारीख ठरवा. आणि दिवसाला पाचशेवाली कलमं निव्वळ शोभेची. करार कायद्याचं कलम 74 रास्त भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. तुलनेला सांगतो, 14,000 वर सहा दिवसांचं व्याज सालीना 15 टक्क्यांनी पस्तीस रुपयेसुद्धा होत नाही. शंभरचा दर समजुतीने वसूल होतो. पाचशेवर भाडेकरू वकील गाठतो.

उशीर मोजायचा तो खात्यात जमा झालेल्या तारखेने, व्हॉट्सॲपवर आलेल्या स्क्रीनशॉटने नाही. यूपीआय 'पेंडिंग' असतानाचा स्क्रीनशॉट पाठवून चार दिवस काढणारे आहेत. बँकेला सुट्टी होती ही सबबही चालत नाही, एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालू आहे. चेक परत गेला तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस, त्यानंतर महिनाभरात फिर्याद. यातली एक तारीख हुकली तर केस लटकते.

आणि आता मालकांचं. भाडेकरू मॅनेजरला टाळून थेट मालकाला फोन लावतो, 'काका, या वेळेस जरा सांभाळून घ्या.' काका म्हणतात, 'राहू दे रे.' मॅनेजरला पत्ता नाही, तो अकराला फोन करतो आणि शिव्या खातो. असं तीन महिने माफ केलंत की चौथ्या महिन्यात भाडेकरू म्हणणारच, आमचं ठरलंय. माफ करा, जरूर करा, पण 'फक्त या महिन्यापुरतं' असं लिहून, आणि मॅनेजरला त्यात घेऊन. भाडंही एकाच खात्यात घ्या. अर्धं तुमच्या पतसंस्थेत, अर्धं मॅनेजरकडे, हे चालायचं नाही.

वीस तारखेपर्यंत भाडं नाही आलं तर दंडाचा विषय संपला, थकबाकीचा सुरू झाला. पोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस जायला हवी. पाणी, लाइट तोडायच्या भानगडीत पडू नका, तक्रार उलटी तुमच्यावर येते. डिपॉझिटमधून दर महिन्याला कापायचं नाही. ते शेवटच्या लाइट बिलासाठी आणि रंगासाठी लागतं.

जाता जाता, वरचं सगळं लिव्ह अँड लायसन्सच्या घराला लागू. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या, भाडे नियंत्रणाचं संरक्षण असलेल्या जुन्या भाडेकरूंना असलं शुल्क लावायला जाऊ नका. तिथे मागणीची लेखी नोटीस, 90 दिवस थांबणं, मग दावा. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के सरळ व्याज आणि दाव्याच्या खर्चासह भरून त्याला घर वाचवता येतं. दुकान किंवा गाळा असेल आणि मालक जीएसटीत नोंदलेला असेल, तर विलंब शुल्कावरही भाड्याइतकाच 18 टक्के जीएसटी लागतो, तो बहुतेक जण विसरतात. कंपनी भाडेकरूने टीडीएस कापला म्हणून रक्कम कमी दिसली तर ती थकबाकी धरू नका. 2019, 2021 सारखा महापूर आला तर त्या महिन्याचं शुल्क मागूच नये, असं माझं मत.

तुमच्या मॅनेजरकडून एवढंच मागवा: प्रत्येक जमा रकमेची तारीख, ती भाड्यात किती गेली, शुल्कात किती गेली. तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर निम्म्याचा वाद नंतर घाला, आधी मॅनेजर बदला.