अझेलिया खोल पुरू नका
अटलांटाची लाल माती आम्लधर्मी, ती अझेलिया या फुलझुडपाला मानवते. पण पाणी धरून ठेवते. म्हणून मुळांचा गोळा जमिनीपेक्षा दोनेक इंच वरच राहू द्या. कुंडीत गोल गुंडाळलेली मुळं आधी हाताने मोकळी करा, नाहीतर ती बाहेर पसरतच नाहीत. वर पाइनच्या सुयांचं आच्छादन घाला, खोडाला न चिकटवता. मुळं वरवरच असतात, तेव्हा भोवती खुरपं चालवू नका. सकाळचं ऊन, दुपारची सावली हवी. भर उन्हात पानांमागे लेस बग हे रस शोषणारे बारीक किडे होतात नि पानं पांढुरकी पडतात.

छाटणी फुलं सरताच करा. पुढच्या वसंताच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात. दिवाळीच्या साफसफाईत कात्री चालवलीत तर फुलं गेलीच म्हणून समजा! चुना, राख जवळपासही नको.