वाचकांचे प्रश्न : इंजिन ऑइल खाते तेव्हा

प्रश्न : माझ्याकडे १९६०च्या दशकातील चार सिलिंडरची पेट्रोल मोटार आहे. ती क्वचितच बाहेर निघते, तीही थोड्या अंतरासाठी. ४०० किलोमीटरमागे अर्धा लिटर ऑइल घालावे लागते. सकाळी इंजिन सुरू केले की निळ्या धुराचा लोट येतो आणि थोड्याच वेळात विरतो. लांब उतार संपल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की पुन्हा तसाच लोट येतो. चढावर मात्र धूर दिसत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, चारही सिलिंडरमध्ये दर चौरस इंचाला १४० ते १५० पौंडांच्या दरम्यान भरले. मेकॅनिक पिस्टनवरच्या रिंगा बदलून सिलिंडर बोअर करून (आतून कातून) घ्या म्हणतात. इंजिन खोलावे का?

उत्तर : आपण जे टिपले आहे त्यावरून इंजिन इतक्यात खोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धूर निळा आहे म्हणजे ऑइल जळते आहे, एवढेच रंगावरून कळते. ते कोणत्या वाटेने सिलिंडरमध्ये उतरते, हे धूर केव्हा येतो त्यावरून ठरवायचे असते. इंजिन बंद केल्यावर वाल्व उघडणाऱ्या रॉकरच्या आसपास राहिलेले ऑइल झिजलेल्या वाल्व गाइडमधून (वाल्वचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीतून) किंवा कडक झालेल्या सीलमधून वाल्वच्या दांड्यावरून खाली झिरपते, पोर्टमध्ये आणि वाल्वच्या माथ्यावर साचते आणि सकाळी इंजिन फिरू लागताच जळून जाते. उतारावर गाडी गियरमध्ये असते, थ्रॉटल बंद असतो आणि इंजिन मात्र वेगाने फिरत असते. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरकडे हवा व पेट्रोल नेणाऱ्या नळीतील) व्हॅक्यूम खूप वाढतो आणि इनलेट वाल्वच्या गाइडमधून ऑइल ओढून घेतो. उतार संपून आपण ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा दिसणारा लोट म्हणजे हेच साचलेले ऑइल होय. रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेले असते, तर धूर चढावर, इंजिनावर भार असताना सर्वांत जास्त दिसला असता आणि गाडीची ओढही कमी झाल्याचे आपल्याला जाणवले असते.

मात्र कॉम्प्रेशन चांगले आहे म्हणून रिंगा निर्दोष आहेत, असा निष्कर्ष काढू नये. ही चाचणी मुख्यतः वरच्या कॉम्प्रेशन रिंगांची आणि वाल्वच्या बैठकीची परीक्षा घेते. बोअरवरचे जादा ऑइल खरवडून खाली सोडणारी ऑइल रिंग कार्बनने चिकटलेली असली, तरी आकडे उत्तम येऊ शकतात. थोड्या अंतरासाठीच चालणाऱ्या इंजिनात हे नेहमी घडते, कारण ऑइल पुरेसे तापतच नाही आणि त्यात पाणी, पेट्रोल व काजळी साचत राहते. म्हणून आधी ऑइल आणि फिल्टर बदलावे, पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचेच ऑइल घालावे आणि काही आठवडे गाडी लांबच्या अंतरावर, इंजिन पूर्ण तापलेले ठेवून, कमीजास्त वेगाने चालवावी. चिकटलेल्या रिंगा अशा चालवण्याने काही वेळा मोकळ्या होतात. झाल्या नाहीत, तरी या काळातील नोंदी पुढे उपयोगी पडतात. इंजिन नुसते आयडलिंगवर तापवत ठेवणे हा उपाय नव्हे, त्याने बोअर गुळगुळीत होण्याचाच धोका वाढतो.

नोंद कशी ठेवता, यावर पुष्कळ अवलंबून आहे. डिपस्टिक प्रत्येक वेळी एकाच सपाट जागी, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरेपर्यंत थांबून, कोरडी पुसून पाहावी. पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण जादा ऑइल क्रँकच्या फटक्याने उडून थेट बोअरवर येते आणि नसलेला दोष दिसू लागतो. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा. अर्ध्या लिटरपैकी काही भाग जळत नसून मागच्या सीलमधून किंवा रॉकर कव्हरच्या गॅस्केटमधून गळत असेल, तर ते सकाळी पुठ्ठ्यावर दिसेल. फक्त चालत्या गाडीतून गळणारे ऑइल मात्र पुठ्ठ्यावर पडत नाही, तेव्हा इंजिनाची खालची बाजूही पुसून घेऊन प्रवासानंतर पुन्हा पाहावी.

यानंतर ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतला (क्रँककेसमधला) वायू बाहेर सोडणारी वाट, पाहावा, आणि याकडे दुर्लक्ष होते याचे मला खरोखर वाईट वाटते. पिस्टनच्या बाजूने क्रँककेसमध्ये थोडा वायू उतरतोच. ब्रीदरची नळी किंवा जाळी चिकटाने बंद झाली, तर तो दाब ऑइलला सीलमधून बाहेर आणि गाइडमधून खाली ढकलतो. काही गाड्यांत क्रँककेसचा वायू एका वाल्वमार्गे मॅनिफोल्डमध्ये नेलेला असतो. त्या वाल्वचा पडदा फाटला, तर इंजिन ब्रीदरमधूनच ऑइल ओढू लागते. नळी काढून, धुऊन, आरपार फुंकून पाहायला फारसा वेळ लागत नाही. अशा एका नळीपायी संपूर्ण इंजिन खोलले जाऊ नये.

स्पार्क प्लगही काढून क्रमाने मांडा. ऑइलने माखलेला प्लग काळा, ओलसर आणि चकचकीत असतो. पेट्रोल जास्त जात असेल तर काजळी कोरडी, मखमलीसारखी असते आणि बोटाने सहज पुसली जाते. चारही प्लग सारखेच ओले असतील तर ब्रीदर, सील यांसारखे सर्वत्र लागू होणारे कारण शोधावे. एकच ओला असेल तर त्या सिलिंडरपुरता दोष आहे. अशा वेळी लीक-डाउन चाचणी करून घ्यावी : पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला ठेवून प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची आणि ती कोठून निसटते ते ऐकायचे. ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट वाल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वाल्व, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट किंवा तडा गेलेले हेड.

हे सर्व करूनही सकाळचा आणि उतारावरचा लोट कायम राहिला, तर वाल्व सील बदलावेत. बऱ्याच ओव्हरहेड वाल्व इंजिनांत त्यासाठी हेड उतरवावे लागत नाही. दोन्ही वाल्व बंद असताना प्लगच्या भोकातून स्वच्छ, मऊ दोरी आत सरकवून, तिचे टोक बाहेर ठेवून, इंजिन हाताने फिरवत पिस्टन वर आणला की दोरी वाल्वना खालून धरून ठेवते आणि स्प्रिंग काढता येते. स्प्रिंग निघाल्यावर वाल्वचा दांडा आडवा हलवून पाहाच. तो स्पष्ट डुगडुगत असेल तर गाइड झिजले आहे, आणि झिजलेल्या गाइडवर बसवलेले नवे सील फार काळ टिकत नाही. मग हेड उतरवून गाइडचेच काम करावे. बोअरला मात्र पुराव्याशिवाय हात लावू देऊ नका.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीतून अधूनमधून दाट पांढरा धूर येतो. रेडिएटरमधील पाण्याची पातळी मात्र उतरत नाही. हेड गॅस्केट गेले असेल का?

उत्तर : पाणी घटत नसेल तर गॅस्केटवर संशय घेण्यास आधार नाही. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यामुळे थंड हवेत सुरुवातीला दिसणारी पातळ वाफ स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल आणि तो विशेषतः ब्रेक दाबल्यानंतर दिसत असेल, तर ब्रेक सर्व्हो, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक दाबायला मदत करणारा भाग, तपासा. त्याला जोडलेल्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचे सील गेले की ब्रेक ऑइल सर्व्होमध्ये उतरते आणि व्हॅक्यूमच्या नळीतून मॅनिफोल्डमध्ये ओढले जाते. ब्रेक ऑइलची टाकी पाहा, नळी मॅनिफोल्डपासून सोडवा आणि ती आतून ओली आहे का ते बघा. ओली असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. गाडी ऑटोमॅटिक असेल, तर गियरबॉक्सच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा (व्हॅक्यूमनुसार गियर बदलण्यास मदत करणाऱ्या भागाचा) पडदा फाटूनही गियरबॉक्सचे ऑइल याच मार्गाने इंजिनात जाते आणि धूर होतो.

प्रश्न : धूर थोडा निळसर आहे, पण डिपस्टिकवरची पातळी कमी न होता वाढते. हे कसे?

उत्तर : डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला, तर मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटला आहे किंवा कार्ब्युरेटरची निडल वाल्व (आत येणारे पेट्रोल रोखणारी झडप) नीट बसत नाही आणि पेट्रोल संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या तळात, उतरत आहे. पातळ झालेले ऑइल रिंगांना आवरत नाही म्हणून धूर होतो, आणि त्याहून गंभीर म्हणजे बेअरिंगना आवश्यक तो थर मिळत नाही. इंजिन सुरू करू नका. आधी पंप किंवा कार्ब्युरेटर दुरुस्त करा, मग ऑइल व फिल्टर दोन्ही बदला. ऑइलचा रंग दुधी असेल, तर त्यात पेट्रोल नव्हे, पाणी शिरले आहे. तेव्हा वर सांगितलेली लीक-डाउन चाचणी करून हेड गॅस्केट पाहावे.