आयरिसबाईंसारखं नटायचंय, तीन हजारांत

प्रश्न : वय ५६. न्यूयॉर्कच्या आयरिस ॲपफेल यांचे फोटो पाहून तसं ठसठशीत राहावंसं वाटतं. हाताशी ३,००० रुपये आहेत. सोंग वाटू नये, एवढीच भीती. सुरुवात कुठून करू? — एक वाचक, सांगली

उत्तर : आयरिसबाई (१९२१–२०२४) म्हणजे मोठा गोल चष्मा, हातभर कडी आणि गळाभर माळा; मुळात त्या कापडाच्या धंद्यातल्या. १९५० मध्ये पतीसह त्यांनी जुन्या नमुन्यांबरहुकूम कापड विणून घेणारी कंपनी काढली. २००५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने त्यांच्या कपड्या-दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्या ८४ वर्षांच्या होत्या. नामांकित फॅशनघरांच्या कपड्यांवर जुन्या बाजारातले स्वस्त दागिने त्या बिनदिक्कत चढवत. तुम्ही उचलायची ती ही सरमिसळ. कपडे नवे घेऊच नका. काळा किंवा गडद निळा साधा कुर्ता आणि त्याच रंगाची पँट कपाटात असतेच. सोंग वाटतं ते बहुधा दागिन्यांखालचा कपडाही भरगच्च असला की.

१,५०० रुपये चष्म्याच्या फ्रेमसाठी ठेवा, पण नंबर बदलायची वेळ येईल तेव्हाच. नाहीतर काचांचा खर्च दोनदा होतो (तो या हिशेबात धरलेला नाही). जाड कडेची, गोल, काळी ॲसिटेटची (एक प्रकारच्या प्लास्टिकची) फ्रेम हवी. काडीच्या आत ५२-१८-१४० असे आकडे असतात : काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिले दोन मिळवले की ७० होतात; हे दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर. तुमच्या बुबुळांमधलं अंतर ६२ असेल, तर प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून ४ मिमी नाकाकडे पडतो. मायनस नंबर असेल तर कानाकडची कड तेवढी जाड आणि जड होते, चष्मा घसरतो. म्हणून मायनस चारच्या पुढे ४८-५०ची काच पुरे; जाड कडेमुळे ती तशीही मोठी दिसते.

८०० रुपये बांगड्यांना. पुण्यात असाल तर तुळशीबाग आहेच, पण रुंद लाकडी किंवा रेझिनच्या कड्यांसाठी जुना बाजारही चाळा. नेहमीचं माप २-४ (सव्वादोन इंच) असेल तर रुंद कडं २-६चं घ्या. बारीक बांगडी तिरकी करून हाताच्या हाडावरून सरकते, दोन इंच रुंदीचं कडं अडकतं. एका हातात तीन रुंद, मध्ये दोन बारीक. दुसरा हात रिकामा ठेवला तरी चालतो; स्वयंपाकघरात तो लागतो!

उरलेले ७०० माळांना. घरातल्या सुट्या मण्यांच्या १६, २४ आणि ३६ इंचांच्या तीन माळा पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या. मोठ्या मण्यांच्या माळेत दर मण्यामागे गाठ मारायला सांगा. दोरा तुटला तर एखादाच मणी जातो. जड मणी सर्वांत लांब माळेत घालू नका, मान दुखते.

प्रश्न : पितळी कड्यांनी मनगट हिरवं पडतं. ॲलर्जी आहे का?

उत्तर : बहुधा नाही. पितळेतल्या तांब्याची घामाशी प्रक्रिया होते, साबणाने डाग जातो. कडं चिंचेने घासून, पूर्ण कोरडं करून आतून पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या. ते झिजलं की पुन्हा. खाज किंवा पुरळ असेल तर मात्र वापर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आईच्या रेशमी साडीचा लांब जॅकेट शिवायचा आहे. टेलर म्हणतो, फाटेल.

उत्तर : टेलरचं ऐका, पण आधी स्वतः पाहा. साडी उजेडासमोर धरा आणि घडीच्या रेषांवर दोन्ही अंगठ्यांनी हलका ताण द्या. कर्रकन आवाज आला की रेशीम विरलंय. त्या साडीचा फक्त काठ-पदर वाचवून साध्या सुती जॅकेटला लावा. धड असेल तर बिनबाह्यांच्या, गुडघ्यापर्यंतच्या जॅकेटला साधारण अडीच मीटर लागतं. अस्तर तेवढंच, सुती, रात्रभर भिजवून इस्त्री केलेलं. हे टाळलं तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि रेशीम खालून फुगतं. जॅकेट अंगाबरोबर नको, छातीच्या मापात चार इंच ढील ठेवा. जुनं रेशीम बहुतेक वेळा काखेतच उसवतं.