वाचक विचारतात : फाइलमध्ये १००००, ऑब्जेक्टमध्ये ०

प्रश्न : आमच्या स्प्रिंग बूट ३ च्या (जावाचं फ्रेमवर्क) प्रोजेक्टमध्ये एसएमएस पाठवणारा क्लास आहे. टाइमआउट प्रॉपर्टीज फाइलमध्ये १०००० मिलिसेकंद लिहिलाय, इंट फील्डवर @व्हॅल्यू (फाइलमधला आकडा फील्डमध्ये आणणारं ॲनोटेशन) लावलंय. कन्स्ट्रक्टरमध्ये त्याच फील्डवरून एचटीटीपीयूआरएलकनेक्शनवर चालणारा क्लायंट तयार करतो. तिथे प्रिंट केलं तर ० येतं. एरर नाही, पण समोरचा सर्व्हर अडकला की आमचा थ्रेडही लटकतो. की (फाइलमधलं सेटिंगचं नाव) चुकली का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : की बरोबर आहे. ती चुकली असती आणि कोलन देऊन डीफॉल्ट लिहिलेला नसता, तर 'कुड नॉट रिझॉल्व्ह प्लेसहोल्डर' म्हणत ॲप्लिकेशन सुरूच झालं नसतं. चुकलाय तो क्रम. स्प्रिंग आधी कन्स्ट्रक्टर चालवतं, फील्ड नंतर भरतं. तोवर इंटमध्ये ० आणि स्ट्रिंगमध्ये नलच असणार. आणि या कनेक्शनला रीड टाइमआउट ० दिला की त्याचा अर्थ होतो 'कितीही वेळ थांब'. थ्रेड लटकतो तो म्हणून.

@व्हॅल्यू फील्डवरून काढा, कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर लावा आणि फील्ड फायनल करा. @पोस्टकन्स्ट्रक्टनेही (फील्ड भरल्यावर चालणारी मेथड) काम भागतं, पण मग फील्ड फायनल करता येत नाही आणि दुसरी एक चूक झाकलेली राहते : कुणी न्यू लिहून हाच क्लास बनवला, तर स्प्रिंगला त्याचा पत्ताच नसतो आणि फील्ड रिकामं राहतं. व्हॅल्यू कन्स्ट्रक्टरमधून येत असेल, तर तिथे कंपायलरच अडवतो. टेस्टमध्येही स्प्रिंगचा अख्खा कॉन्टेक्स्ट (त्याने सांभाळलेले सगळे ऑब्जेक्ट) उठवावा लागत नाही, आकडा हाताने देता येतो.

लॉम्बॉक (कन्स्ट्रक्टरसारखा ठराविक कोड आपोआप तयार करणारी लायब्ररी) वापरत असाल तर सांभाळा. @रिक्वायर्डआर्ग्सकन्स्ट्रक्टर फील्डवरचं @व्हॅल्यू आपणहून पॅरामीटरवर नेत नाही. मग स्प्रिंग इंट टाइपचा बीन (स्प्रिंगने सांभाळलेला ऑब्जेक्ट) शोधत बसतं आणि ॲप्लिकेशन उठत नाही. एवढ्यासाठी कन्स्ट्रक्टर हाताने लिहिलेला बरा.

यूआरएल, सेंडर आयडी, टाइमआउट अशा तीन-चार कीज एकाच कामाच्या असतील, तर सुटी @व्हॅल्यू पेरू नका. एक रेकॉर्ड करा, त्यावर @कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीज लावून प्रीफिक्स द्या आणि मेन क्लासवर @कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीजस्कॅन लावा. ते विसरलात तर बीन सापडत नाही. रेकॉर्डवर @कंपोनंट मात्र नको. टाइमआउटचा टाइप ड्युरेशन ठेवलात, तर नुसते १० म्हणजे १० मिलिसेकंद. सेकंद हवे असतील तर आकड्याला चिकटून 'एस' लिहा.

आणि डीफॉल्ट जपून द्या. डीफॉल्ट असला की कीचं स्पेलिंग चुकलं तरी सगळं बिनबोभाट चालतं, प्रॉडक्शनवर चुकीच्या आकड्यानिशी.

प्रश्न : यामल फाइलमध्ये (सेटिंग्ज लिहायचा दुसरा फॉरमॅट) पुण्याचा एसटीडी कोड ०२० लिहिला. स्ट्रिंग फील्डमध्ये १६ येतं!
— एक वाचक, हडपसर

उत्तर : स्प्रिंग बूट यामल वाचायला स्नेकयामल वापरतं. शून्याने सुरू होणारा आणि पुढे ० ते ७ हेच अंक असलेला आकडा ते अष्टमान पद्धतीने वाचतं. दोन आठे सोळा. स्ट्रिंगमध्ये रूपांतर त्यानंतर होतं, तोवर शून्य गेलेलं असतं. कोल्हापूरचा ०२३१ असाच १५३ होईल. लातूरचा ०२३८२ मात्र सुटेल, कारण त्यात ८ आहे. म्हणूनच ही चूक काही शहरांपुरतीच दिसते आणि लवकर सापडत नाही. कोड अवतरणचिन्हांत लिहा. प्रॉपर्टीज फाइलमध्ये ही भानगड नाही, तिथे सगळं मुळात स्ट्रिंगच असतं.