कुमासीच्या बाजारात माझी बोबडी वळते

प्रश्न : ताई नमस्कार, मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही आठ महिने घानात, कुमासीला राहतोय. ऑफिसात, शाळेत सगळीकडे इंग्लिश चालतं, त्यामुळे अडत काहीच नाही, पण बाजारात सगळ्या बायका ट्वीत बोलतात आणि मी आपली पिशवी घेऊन गप्प उभी. मोबाईलवरून दोन-तीनशे शब्द पाठ केलेत, पण बोलायला गेले की त्या खो खो हसतात आणि इंग्लिशवर येतात. चाळिशीनंतर फाडफाड बोलता येईल का, की नाद सोडू? (एक वाचक, मूळ नाशिक)

उत्तर : नाद अजिबात सोडू नका हो! आणि आधी नाव नीट करूया, ते ट्वी नाही, च्वी. शिट्टी मारताना करतो तसे ओठ गोल करा आणि झटक्यात ‘चुई’ म्हणायला जा, बरोब्बर येतं. स्पेलिंगवर विश्वास ठेवायचा नाही, के-वाय दिसलं की आपला च, जी-वाय म्हणजे ज, एच-वाय म्हणजे श, आपल्याकडे हे सगळे आवाज आधीच आहेत त्यामुळे निम्मं काम तिथेच झालं.

गंमत पुढे आहे. या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘पापा’ घ्या, पहिला पा खाली आणि दुसरा वर नेला तर वडील, दोन्ही वर ठेवले तर चांगलं, दोन्ही खाली ठेवले तर पंखा. आता तुम्ही मोबाईलवर वाचून सपाट आवाजात पापा म्हणालात तर समोरची बाई हसणार नाहीतर काय करणार! म्हणून सुटे शब्द पाठ करणं बंद करा, अख्खं वाक्य गाण्याच्या चालीसारखं उचला. गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२२ साली ही भाषा आली (त्याच खेपेला आपली कोकणीपण आली), शब्द शोधायला ठीक आहे पण लिहिलेल्या शब्दावर सूर दाखवलेला नसतो, तो माणसाच्या तोंडूनच घ्यावा लागतो.

दुसरी खोच म्हणजे नकार. ‘मेपे’ म्हणजे मला हवंय, ‘मेम्पे’ म्हणजे नकोय, फरक फक्त त्या नाकातल्या म् चा. मी अक्रात, म्हणजे घानाच्या राजधानीत, चार वर्षं होते, तेव्हा एकदा सकाळी गाडीवर वाचे घ्यायला गेले, वाचे म्हणजे चवळी घालून केलेला भात, मुलगी लहान होती म्हणून सांगायचं होतं मेम्पे माको, मिरची नको, घाईत म् गिळला आणि त्या बाईने प्रेमाने दोन मोठे चमचे काळा तिखट ठेचा वर ओतला. पोरीचं तोंड भाजलं आणि माझा तो म् जन्मात परत चुकला नाही.

आणि पुस्तकी बोलू नका. ‘मी च्वी शिकतेय’ हे लिहिताना मेरेसुआ च्वी, पण लोक तो रे गिळून मेएसुआ म्हणतात, आपण ‘करत आहे’चं करतोय करतो ना तसंच. हेच वाक्य तुमचं हत्यार आहे. बाई इंग्लिशवर आली की आधी ‘मे पा वो च्येव’ (प्लीज, पण शब्दशः मी तुमच्यापुढे टोपी काढते) आणि मग मेएसुआ च्वी, बहुतेक जणी लगेच कौतुकाने शिकवायलाच बसतात. ते हसणं टिंगलीचं कमी आणि आनंदाचं जास्त असतं, ओब्रोनी, म्हणजे परदेशी बाई, आपली भाषा बोलतेय याचा.

खरं फाडफाड बोलणं मला विचाराल तर नमस्कारापासून सुरू होतं, भाव विचारण्यापासून नाही. थेट ‘केवढ्याला’ विचारलंत की उद्धटपणा होतो, आधी माच्ये म्हणजे गुड मॉर्निंग. आणि उत्तर समोरच्याच्या वयाप्रमाणे बदलतं, आईच्या वयाच्या बाईने माच्ये केलं तर या एना, वडीलधाऱ्या पुरुषाने केलं तर या आजा (आजा म्हणजे तिकडे बाप हां, आजोबा नाही), बरोबरीच्यांना या नुआ. हे न चुकता आलं की समोरचा इंग्लिश विसरतो. पैसे मात्र उजव्या हातानेच द्या, हे आपल्याला सांगायला नको. शिवाय तुमचा जन्मवार काढून ठेवा, तिकडे वारावरून नाव पडतं, शुक्रवारची बाई अफुआ, शनिवारची अमा, शुक्रवारचा पुरुष कोफी, कोफी अन्नान त्यातलेच. आपल्याकडे खेड्यापाड्यात सोम्या, मंगळ्या, बुध्या असायचे की!

वयाचं म्हणाल तर योहान क्रिस्टालर नावाचा जर्मन मिशनरी १८५३ मध्ये पंचविशीत तिथे उतरला, अक्रोपाँगला लोकांत राहून शिकला, १८७१ ला च्वीतलं बायबल, १८७५ ला व्याकरण, १८७९ ला छत्तीसशे म्हणींचा संग्रह आणि १८८१ ला मोठा कोश. आपल्या मोल्सवर्थसाहेबांच्या जातीचा माणूस. तो पंचविशीतला आणि तुम्ही चाळिशीच्या, पण तुम्हाला कोश करायचा नाहीये, टोमॅटो घ्यायचेत. रोज एकाच बाईकडे जा, तीच ठरलेली, घाईची वेळ सोडून. सहा महिन्यांत ती तुमच्याशी भांडायला लागेल, मग समजा आली भाषा.

प्रश्न : माझा घानाचा सहकारी ‘आय ॲम कमिंग’ म्हणतो आणि चक्क खोलीबाहेर निघून जातो. मस्करी करतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही हो, तो मनात ‘मेएबा’ म्हणतोय, येतो. तुम्ही स्वतः पाहुण्यांकडून निघताना ‘जातो’ म्हणता का? फक्त आपला ‘येतो’ पुढच्या दिवाळीपर्यंतही चालतो, त्याचा मात्र लगेच परत येण्याचा असतो. निदान त्याच्या मते लगेच.