सर्व्हरवरची व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या कंप्युटरवरून का दिसत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: निपाणीच्या गोदामातल्या सर्व्हरवर उबुंटू आणि केव्हीएम (एका कंप्युटरच्या आत अनेक कंप्युटर चालवायची लिनक्सची सोय) घालून तीन व्हर्च्युअल मशीन उभी केलीत. सर्व्हरपुढं बसलं की चालतात, पण ऑफिसातल्या दुसऱ्या कंप्युटरवरनं पिंगसुद्धा, म्हणजे 'आहेस का?' अशी नुसती हाकसुद्धा, लागत नाही. शिवाय एसएसएचनं (दुरून कमांड द्यायची सोय) सर्व्हरमध्ये शिरून मशीनची यादी दाखवणारी 'व्हर्श लिस्ट' कमांड मारली तर यादी रिकामी. मशीन उडाली का?

उडाली नाहीत, घाबरू नका. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचा सर्व्हर सांभाळतो, पहिल्या आठवड्यात माझीही अशीच पाचावर धारण बसली होती. व्हर्शच्या आधी 'सुडो' लावा, म्हणजे कमांड अ‍ॅडमिनच्या हक्कानं चालते. साध्या युजरनं विचारलं तर बहुतेक वेळा ते त्या युजरची स्वतःची यादी दाखवतं, सिस्टीमची नाही. शिवाय शेवटी '--ऑल' नसलं तर बंद मशीन यादीत येतच नाहीत.

आता पिंगचं. काही न बदलता मशीन बनवलं की लिबव्हर्ट (ही मशीन सांभाळणारा प्रोग्रॅम, व्हर्श त्याचीच कमांड) त्याला नॅटच्या, म्हणजे सर्व्हरच्या आडच्या खाजगी जाळ्यात टाकतं आणि १९२.१६८.१२२ नं सुरू होणारा पत्ता देतं. जुन्या वाड्यासारखं समजा. आतलं बिऱ्हाड दिंडीदरवाज्यातून बाहेर जाऊन बाजार करून येतं, पण बाहेरच्याला कुठलं बिऱ्हाड कुठल्या खोलीत ते माहीत नसतं. म्हणून मशीनमधनं इंटरनेट चालतं आणि ऑफिसातनं मशीन सापडत नाही. ते बिघडलेलं नाही, रचनाच तशी आहे.

फक्त तुम्हालाच शिरायचं असेल तर रचना बदलू नका. एसएसएचला कॅपिटल जे चा पर्याय देऊन सर्व्हरमार्गे आतल्या लिनक्स मशीनवर थेट उतरता येतं. पण अकाउंटवाल्यांना, स्टोअरवाल्यांनाही ते मशीन लागत असेल तर ब्रिज करा, म्हणजे मशीनला ऑफिसच्या राउटरकडनंच पत्ता मिळतो. ब्रिज करताना सर्व्हरचा स्वतःचा पत्ता नेटवर्क कार्डावरनं ब्रिजवर जातो. एक ओळ चुकली की तुम्ही बाहेर. मी हे घरून, टिळकवाडीतनं, रात्री साडेदहाला केलं आणि गाडी काढून उद्यमबागेत जावं लागलं. तेव्हा मॉनिटर-कीबोर्ड लावून समोर बसूनच करा.

मशीनचं नेटवर्कच बिघडलं तर? तेव्हा मागचं दार म्हणजे कन्सोल, मशीनचा स्वतःचा स्क्रीन-कीबोर्ड. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर व्हर्ट-मॅनेजर टाका. ते एसएसएचवरनं सर्व्हरला जोडून मशीनचा स्क्रीनच समोर आणतं. 'व्हर्श कन्सोल' पण आहे, मात्र मशीनच्या आत सिरियल कन्सोल (नुसत्या अक्षरांचा स्क्रीन) चालू केलेला नसेल तर नुसता काळा पडदा दिसतो. त्यातनं बाहेर यायला कंट्रोल आणि बंद होणारा चौकोनी कंस. हे दार अडचण यायच्या आधी एकदा उघडून बघा.

व्हर्शच्या कमांडींतल्या 'डिस्ट्रॉय' शब्दाला बिचकू नका. त्यानं काही पुसलं जात नाही, मशीनचा प्लग ओढल्यासारखं होतं, एवढंच. तरी आधी 'शटडाउन' द्या, ते ऐकलंच नाही तर डिस्ट्रॉय. खरी भीती 'अनडिफाइन'ची: त्यानं मशीनची नोंद जाते, आणि सोबत सगळं स्टोरेज काढायचा पर्याय दिला असेल तर डिस्कची फाइलही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात लाइटीचा भरवसा नाही, म्हणून एक गोष्ट आजच करा. मागं एका रात्री वॉचमनचा फोन आला, "साहेबर, करंट होग्यादरी", म्हणजे साहेब, लाइट गेली. यूपीएसही संपला. लाइट आल्यावर सर्व्हर आपोआप उठला, कारण बायोसमध्ये तसं ठेवलं होतं; आतली मशीन मात्र झोपलेलीच. सकाळी अकाउंटंट बिलं अडवून बसलेला. सर्व्हरसोबत मशीनही उठावं म्हणून प्रत्येकाला 'व्हर्श ऑटोस्टार्ट' लावायचं असतं, तेच मी विसरलो होतो.

आणि विंडोज मशीनचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे ३३८९ पोर्ट, राउटरवरनं बाहेर उघडू नका, कुणी कितीही सोपं आहे म्हणाला तरी. घरून यायचं असेल तर वायरगार्ड घाला, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित बोगदा (व्हीपीएन).

सर्व्हर केबलवर आहे की वायफायवर ते कळवा. वायफायवर असेल तर साधा ब्रिज बहुतेक चालणारच नाही, आधी केबल ओढून घ्या.